‘नो डिस्क’ म्हणणारा ज्यूकबॉक्स आणि आजीची सीडी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना केलेली पाल्हाळ थोडी छाटली आहे. आकडे आणि दुरुस्तीच्या पायऱ्या नीट वाचता याव्यात म्हणून जशाच्या तशा ठेवल्यात.)

[००:००] घर्रर्र, टक टक टक

आत्ता सुरुवातीला जो आवाज ऐकलात ना, घर्रर्र... आणि मग टक, टक, टक... तो माझ्या माईकचा प्रॉब्लेम नाही. तो आमच्या पारनेरच्या घरातल्या सीडी ज्यूकबॉक्सचा आवाज आहे. म्हणजे बिघडलेला असतानाचा. मी तो मुद्दाम फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. का, ते पुढे सांगतो.

आधी गोष्ट. माझे काका बरीच वर्षं मस्कतला होते. परत येताना त्यांनी एक मोठं थोरलं काळं मशीन आणलं. त्यात एका वेळी २०० सीडी बसतात. आपण स्पॉटिफायवर प्लेलिस्ट लावतो तसं काका रिमोटवर नंबर दाबायचे, आत काहीतरी गरगर फिरायचं आणि गाणं सुरू. ४७ नंबरला प्रल्हाद शिंदे, ५२ ला विठ्ठल उमप, ६० च्या पुढे सगळी नाट्यगीतं. गल्लीतली पोरं नुसतं ते फिरणं बघायला यायची. मीही त्यातलाच.

आणि १ नंबरला आजी.

म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आत्याने कधीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली होती. २००६ साली काकांनी ती लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओतून सीडीवर घेतली. त्या सीडीवर आजीच्या फोटोचा गोल कागदी स्टिकरही चिकटवून घेतला, हौसेने. मूळ कॅसेटवर पुढे कोणीतरी भजन भरलं. म्हणजे आजीचा आवाज जगात एकाच जागी उरला, त्या मशीनच्या १ नंबरच्या खाचेत. आजी आता नाही.

यंदा चुलत बहिणीचं लग्न ठरलं. हळद दळताना आजीच्या ओव्या लावायच्या, असं तिनेच सांगितलं. आठ दिवस आधी काकांनी मशीन सुरू केलं. घर्रर्र, टक टक टक, आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘नो डिस्क’.

तर आजचा भाग या दुरुस्तीचा. तुमच्या घरात ज्यूकबॉक्स नसेल, पण माळ्यावर ३ डिस्कची म्युझिक सिस्टीम, व्हीसीडी प्लेयर, नाहीतर बाबांच्या जुन्या गाडीतला सीडी चेंजर असेलच. आतलं काम जवळपास सारखंच चालतं.

[०२:४०] मुळात ज्यूकबॉक्स म्हणजे काय

पारनेर तालुक्यातली निम्मी घरं मुंबईला नातेवाईक ठेवून आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ज्यूकबॉक्स हा शब्द मुंबईमुळे माहीत. तिथल्या इराणी हॉटेलांमध्ये पूर्वी नाणं टाकून गाणं लावायची पेटी असायची. चहा, ब्रुनमस्का आणि आवडीचं गाणं. आत छोट्या ४५ आरपीएमच्या रेकॉर्ड असायच्या. बटण दाबलं की एक यांत्रिक हात ती रेकॉर्ड उचलून तबकडीवर ठेवायचा. कुलाब्यातलं कॅफे मोंडेगर अजूनही मारिओ मिरांडांच्या भिंतीवरच्या चित्रांइतकंच त्याच्या ज्यूकबॉक्ससाठी ओळखलं जातं.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली. पुढे रेकॉर्डच्या जागी सीडी घालून तेच यंत्र पुन्हा बनलं. हॉटेलासाठी नाण्याचं, आणि घरासाठी आमच्यासारखं, बिननाण्याचं.

[०४:००] आत काय काय घडतं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी ऐका, कारण पुढची सगळी दुरुस्ती यावरच उभी आहे. बटण दाबल्यापासून गाणं वाजेपर्यंत मशीन ६ कामं करतं, आणि ती एकामागून एकच होतात.

१. पाळणा फिरतो. जत्रेतला आडवा पाळणा डोळ्यासमोर आणा. त्याच्या कडेला खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक सीडी उभी आहे.

२. सेन्सर मोजतो. पाळण्याच्या कडेला बारीक फटी असतात. यू आकाराच्या सेन्सरमध्ये एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला तो बघणारा डोळा. फट आली की उजेड पोचतो, फट गेली की अडतो. या उघडझापीवरून मशीनला कळतं की आपण कितव्या खाचेवर आहोत.

३. पाळणा थांबला की एक दांडी सीडीला खाचेतून ढकलून वाजवायच्या जागी नेते. या दांडीची मोटर बहुतेक वेळा रबरी बेल्टने चालते.

४. सीडी मोटरच्या टोकावर पकडली जाते.

५. लेन्स वरखाली हलून सीडीवर फोकस पकडते, आणि बहुतेक मशीनमध्ये त्यानंतरच सीडी फिरायला लागते.

६. सगळ्यात आतल्या गोलात सीडीची अनुक्रमणिका असते. किती गाणी, कुठलं कुठे सुरू होतं, ते सगळं. ती वाचली की पडद्यावर आकडे येतात आणि गाणं सुरू होतं.

आता गंमत बघा. यातलं कुठलंही काम फसलं तरी पडद्यावर बहुधा एकच वाक्य येतं: नो डिस्क. सेन्सरवर धूळ बसली, नो डिस्क. बेल्ट ढिला, नो डिस्क. लेन्स गेली, नो डिस्क. पोट दुखू दे नाहीतर दात, पोरगं रडतंच. कुठे दुखतंय ते आपण शोधायचं.

[०६:१०] माझी घाई

मी काय केलं? यूट्यूब उघडलं. तिथे दहातले आठ जण सांगत होते की लेन्स कमजोर झाली, पिकअपवर एक बारीक स्क्रू असतो तो जरा फिरवा, लेझरची ताकद वाढेल. मी झाकण खोलून छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलोसुद्धा. नशीब, हात लावायच्या आधी काका म्हणाले, जरा थांब, दादांना फोन लाव.

दादा म्हणजे आमच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक. टेप, रेडिओ, व्हीसीआर, टीव्ही सगळं उघडून झालेला माणूस. आता दुकान बंद केलंय. मी फोनवर सांगितलं, “दादा, लेन्स गेली वाटतं.”

ते म्हणाले, “तू लेन्सपर्यंत पोचला का? सीडी आत गेली? फिरली?”

मी म्हणालो, “नाही, नुसतं टक टक करतंय.”

“मंग लेन्सचा काय दोष? तिच्यापर्यंत ताट गेलंच नाही. आधी ऐक, मंग खोल. आवाज भरून पाठव मला.”

म्हणून ते सुरुवातीचं रेकॉर्डिंग. दादांनी व्हॉट्सॲपवर ते दोनदा ऐकलं आणि सांगितलं, पाळणा फिरतोय पण थांबायला जागा सापडत नाही, आणि दांडी काहीतरी ढकलतेय पण ते हलत नाही. दोन वेगळे आजार. म्हणजे घरी बसून, न उघडता, ६ पैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं.

आणि तो स्क्रू? तो कधीच फिरवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. लेझरला जास्त करंट दिला की म्हातारी लेन्स चार दिवस पळते आणि कायमची बसते. शिवाय मूळ खूण हरवली की परत जुळवायला मोजमापाची साधनं लागतात.

[०८:००] पहिलं काम: अडकलेली डिस्क

दुसऱ्या दिवशी दादा घरी आले. प्लग काढला. नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही, प्लगच काढायचा, आणि पाचदहा मिनिटं थांबायचं, कारण पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मग टॉर्च मारली तर दिसलं की १ नंबरची सीडी धड खाचेत नाही आणि धड बाहेर नाही. अर्धवट.

का, ते काकांच्या बोलण्यातून कळलं. जुन्या घरातून नव्या घरात मशीन आणताना आतल्या सीडी काढल्या नव्हत्या. टेम्पोत ते आडवं पडलं होतं. अशी मशीन हलवायची तर आधी सगळ्या सीडी बाहेर काढायच्या, हा पहिला नियम. त्यात आपल्याकडची वीज. सीडी ढकलली जात असताना मध्येच लाईट गेली की दांडी तिथेच थांबते, आणि लाईट आली की मशीनला आपण कुठे होतो ते आठवत नाही. मग ते पुन्हा पहिल्या फटीपासून मोजायला जातं आणि अडकलेल्या सीडीसकट पाळणा ओढतं.

पण खरं कारण तिसरंच निघालं. पत्र्याच्या खोलीत इतके उन्हाळे काढल्यावर आजीच्या फोटोचा तो स्टिकर एका कडेने सुटला होता. सुटलेलं टोक खाचेच्या कडेत अडकलं होतं.

मी चिमट्याने सीडी ओढायला गेलो. दादांनी हात धरला. ओढली असती तर सीडीवर ओरखडा पडला असता, नाहीतर दांडी मोडली असती. त्यांनी लोडिंगची पुली बोटाने, मोटर फिरते त्याच्या उलट दिशेने, हळूहळू फिरवली. प्लग काढलेला असल्यामुळे हे चालतं. दांडी केसाकेसाने मागे आली, सीडी मोकळी झाली. मग ती दोन बोटांनी, फक्त कडेला धरून, बाहेर काढली.

स्टिकरचं ते टोक लोंबत होतं. मी सहज म्हणालो, काढून टाकू का पूर्ण?

“हात लावू नको!” दादा ओरडलेच.

याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. आपल्याला वाटतं गाणी चकचकीत बाजूला असतात, म्हणून आपण ती बाजू जपतो. प्रत्यक्षात ती चमक जवळजवळ पूर्ण जाडीच्या प्लास्टिकमधून दिसत असते. गाणी असतात पलीकडे, छापील बाजूच्या लगेच खाली. त्यावर लाखेसारखा पातळ थर, की झालं. खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश होतो. छापील बाजूचा ओरखडा म्हणजे गाणंच खरवडलं. आणि स्टिकर ओढला तर त्याच्याबरोबर चांदीचा थर सोलून येतो. सोललेला थर परत चिकटवता येत नाही.

दादांनी फक्त लोंबणारं टोक कात्रीने कापलं. बाकी स्टिकर तसाच ठेवला. उजेडात धरून बघितलं तर बाहेरच्या कडेला बारीकशी पारदर्शक खिडकी पडली होती. म्हणजे तिथली चांदी आधीच गेली होती. काकूंचा चेहरा उतरला. ती सीडी कापडात न गुंडाळता डबीत ठेवली, आणि दादा म्हणाले, “आता ही या मशीनात परत जायची नाय. मशीन वेगळं, सीडी वेगळी. दोघांची दवा वेगळी.”

[११:००] मशीनची दवा

सगळ्या सीडी बाहेर काढल्या. टेस्टसाठी एक फुकटची सीडी घेतली, कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली. गेली तरी कोणाला दुःख नाही, आणि दुसऱ्या प्लेयरवर ती नीट वाजते हे आधी तपासलेलं. दुरुस्तीत अशी एक ‘चांगली पण बिनमोलाची’ डिस्क हाताशी पाहिजेच. नाहीतर दोष मशीनचा की डिस्कचा, हे कधीच ठरत नाही.

सेन्सर. यू आकाराच्या फटीत धुळीचा लोंबकळता धागा बसला होता. आपला तालुका पावसाच्या छायेतला, उन्हाळ्यात धूळ पाचवीला पुजलेली. फोटोग्राफर वापरतात तो रबरी फुगा दाबून हवा मारली. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण बसतात. मग कापसाच्या बारीक काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावून पुसलं. प्लग लावला. पाळणा फिरला, आणि बरोबर जागेवर थांबला. आता घर्रर्र गेलं. टक टक उरलं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच चालवून बघायचं, ही दादांची पद्धत. चार गोष्टी एकदम केल्या आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही. आणि नाही चाललं, तर आपणच काय बिघडवलं तेही कळत नाही.

बेल्ट. लोडिंगच्या मोटरची छोटी पुली फिरत होती, पण बेल्ट जागेवर होता. फिरणाऱ्या पुलीवर तो नुसता घसरत होता. जुना रबर असा होतो. ताण जातो, आतला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मी म्हणालो, केसाचं रबर लावू? सायकलच्या ट्यूबची चकती कापू? दादा हसले. केसाचं रबर जास्त ताणतं, मोटरच्या दांड्यावर आणि बुशवर एका बाजूने ओढ येते. ट्यूबची कापलेली कड एकसारखी नसते, त्यामुळे झटके बसतात.

तात्पुरता उपाय म्हणजे बेल्ट गरम पाण्यात मिनिटभर टाकायचा, तो किंचित आवळतो. आम्ही तेवढ्यावर चाचणी घेतली. दांडी पहिल्यांदा पूर्ण पुढे गेली! पण हा उपाय काही दिवसांचा. म्हणून नगरला जाऊन नवा बेल्ट आणला. माप कसं घ्यायचं? जुना बेल्ट दोरीसारखा सरळ ताणून नाही मोजायचा, तो आधीच ताणलेला आहे. तो सैल, गोल ठेवून त्याच्यावर दोरा फिरवून परीघ मोजा, आणि नवा त्याहून साधारण ५ टक्के लहान घ्या. जाडी आणि छेद, म्हणजे चौकोनी की चपटा, तोच ठेवा. बसवण्याआधी दोन्ही पुल्या अल्कोहोलने पुसा. बेल्टला तेल, ग्रीस, खोबरेल काहीही लावायचं नाही. लावलंत तर तो नवा असून घसरेल.

आता टेस्टची सीडी आत गेली, फिरली, गाणं लागलं. पण सातव्या गाण्यानंतर अडखळायला लागली.

रुळ. सीडी आतून बाहेर वाचली जाते, कॅसेटसारखी नाही आणि जुन्या रेकॉर्डच्या उलट. गाणं पुढे जातं तसा लेन्सचा गाडा रुळावरून बाहेर सरकतो. सुरुवातीची गाणी नीट आणि पुढची अडखळत असतील, आणि डिस्क चांगली असेल, तर आधी हा रुळ बघायचा. आमच्या रुळावरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते पुसून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं ग्रीस लावलं. बस्स, सगळी गाणी वाजली.

लेन्स. सगळ्यात शेवटी. फुग्याने हवा मारली, आणि काडी टेकवल्यासारखी करून एकदा पुसली. ती लेन्स बारीक तारांवर तोललेली असते, दाब दिला की वाकते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. लेन्स बऱ्याचदा प्लास्टिकची असते, धुरकट होते.

लेझर चालू आहे का, हे बघायला फोन कामाला येतो. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा. पण फोनचा कॅमेरा बऱ्याचदा तो टिपतो. टीव्हीच्या रिमोटचा दिवा कॅमेऱ्यातून बघा, तीच युक्ती. फोन तिरका धरायचा, आणि डोळा कधीही लेन्सच्या समोर न्यायचा नाही. दिसत नाही म्हणून इजा होत नाही असं नाही, उलट दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही. आणि काही मशीन डिस्क नसताना लेझर लावतच नाहीत, त्यामुळे ठिपका दिसला नाही तर लगेच ‘लेन्स गेली’ म्हणून घोषणा करू नका.

[१४:१५] आजीच्या सीडीची दवा

मशीन बरं झालं. मोह झाला, आता लावूया आजी. पण नाही. ती सीडी आम्ही कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घातली. म्हणजे माझ्या मित्राच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये, कारण माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

ही सीडी विकतची नव्हती, रेकॉर्ड केलेली होती, सीडी-आर. विकतच्या सीडीत खड्डे छापलेले असतात. सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता यांनी तो रंग उतरतो. छापील खड्डा टिकतो, रंग टिकेलच असं नाही.

मग ती कडेची पारदर्शक खिडकी? इथे आतून बाहेर वाचण्याचा नियम आमच्या मदतीला आला. ७४ मिनिटांच्या सीडीवर ओव्या होत्या ३८ मिनिटांच्या. म्हणजे रेकॉर्डिंग मध्यापासून साधारण साडेचार सेंटीमीटरवर संपतं, आणि त्यापुढची सव्वा सेंटीमीटरची पट्टी कोरी. सीडी-आर तिरकी धरून बघा, भरलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक दिसतो. आजीचा स्टिकर जिथे सोलला होता, तिथे गाणं नव्हतंच. मी हे काकूंना दाखवलं तेव्हा त्यांनी सीडी तीनदा तिरकी करून पाहिली.

पण चकचकीत बाजूला एक ओरखडा होता, गोलाईने गेलेला. ओरखड्यांमध्येही फरक असतो. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेरीत क्षणभरच आडवा येतो. गोलाईने जाणारा मात्र लेझरच्या वाटेनेच चालतो. ही वाट किती बारीक? एका फेरीपासून दुसरी १.६ मायक्रोमीटरवर. केसाची जाडी ७० मायक्रोमीटर धरली तर तेवढ्यात ४० हून जास्त फेऱ्या मावतात. सीडीवर दुरुस्तीची जादा माहिती आधीच पेरलेली असते, त्यामुळे वाटेवरचा साधारण अडीच मिलिमीटरचा खंड प्लेयर पूर्ण भरून काढतो. त्यापुढे तो अंदाज बांधतो, आणि मग गप्प होतो. म्हणूनच सीडी पुसताना गोल गोल पुसायची नाही. मध्यापासून कडेकडे, सरळ.

आम्ही एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं. ते शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतं, आणि उत्तरं जुळतात का ते बघतं. साधी कॉपी पाच मिनिटांत झाली असती. आम्हाला जवळपास ३ तास लागले. मित्राच्या आईने दोनदा चहा केला. एकूण ११ ओव्यांचे तुकडे होते. १० पूर्ण आले. नवव्यात चार सेकंद नाहीत. तिथे आजी एक शब्द सुरू करते, आणि पुढच्या ओळीच्या मध्यात परत येते.

फाइल वेव्हमध्येच ठेवली, एमपीथ्री नाही. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटमध्ये, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मोजलेला असतो. मिनिटाला सुमारे १० एमबी होतात. ३८ मिनिटं म्हणजे ४०० एमबी. आपण एका रीलच्या नादात यापेक्षा जास्त डेटा घालवतो. एमपीथ्री नंतर कधीही करता येते, उलटं होत नाही. एक कॉपी माझ्याकडे, एक बहिणीकडे, एक क्लाउडवर.

[१६:५०] हळदीच्या दिवशी

हळदीला जातं मांडलं, त्याला हळकुंड बांधलं. मी ब्लूटूथ स्पीकर लावला. आजीचा आवाज आला तशा आधी सगळ्या गप्प झाल्या. मग आत्या बरोबरीने म्हणायला लागली. नववी ओवी आली आणि माझ्या पोटात गोळा, की आता तो चार सेकंदांचा खड्डा येणार. आला. आणि आत्याने तो शब्द म्हटला. तिला पाठ होता. तिच्याबरोबर आणखी दोघींना पाठ होता. कोणाला कळलंसुद्धा नाही की तिथे काही नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आत्याकडे बसलो आणि तिला येतात तेवढ्या ओव्या रेकॉर्ड केल्या. हे मोठ्या प्रमाणावर आधीच झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावागावांतून १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या, त्यातल्या बऱ्याच ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. पण त्यात तुमची आजी असेलच असं नाही.

[१७:५०] फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

पाळणा फिरतच राहतो, थांबत नाही: सेन्सरची धूळ, नाहीतर बाहेर आलेली डिस्क.

टक टक, आणि डिस्क आत जात नाही: लोडिंगचा बेल्ट, किंवा खाचेत काहीतरी अडकलंय.

डिस्क आत जाते पण फिरत नाही: लेन्सवरची धूळ, डिस्क उलटी, मग लेझर किंवा मोटर.

फिरते पण गाण्यांचे आकडे येत नाहीत: आधी दुसरी डिस्क लावून बघा. सीडी-आर असेल तर ती शेवटी ‘फायनलाइझ’ केली होती का, तेही बघा. नसेल केली तर अनुक्रमणिकाच नसते.

पुढची गाणी अडखळतात: रुळाचं ग्रीस, मग ओरखडे.

कशालाच जीव नाही: प्लग, वायर, फ्यूज. मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर मागची पाटी वाचा. १२० व्होल्टचं असेल तर आपल्याकडे थेट लावू नका. आमचं मस्कतचं, तिथला पुरवठा आपल्यासारखाच, म्हणून वाचलं.

आणि सगळ्याच्या आधी: जी डिस्क परत मिळणार नाही ती बिघडलेल्या मशीनमध्ये ‘फक्त एकदा बघू’ म्हणून घालू नका.

काकांचा ज्यूकबॉक्स आता मस्त चालतो. ४७ नंबरला प्रल्हाद शिंदे परत आलेत. १ नंबरची खाच काकांनी रिकामी ठेवलीय. मी म्हटलं, दुसरी सीडी घाला की. ते म्हणाले, असू दे.

तुमच्या माळ्यावर काय पडलंय, ते या आठवड्यात काढून बघा. आवाज येत असेल तर आधी तो रेकॉर्ड करून पाठवा, मी दादांना ऐकवतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.